राखण

पीक निसवू लागले की कोकणातला शेतकरी शेताच्या कडेला माळा उभारतो. दिवसा पाखरांना आणि रात्री रानडुकरांना हाकलण्यासाठी घरातले कोणी ना कोणी त्या माळ्यावर बसून असते. या कामाला राखण म्हणतात. नांगरणी, पेरणी आणि लावणी यांतले कष्ट डोळ्यांना दिसतात. राखणीचे तसे नाही. राखणदाराने सारी रात्र जागून काढली, तरी सकाळी शेत काल होते तसेच दिसते. काही बिघडले नाही, एवढेच त्याच्या कामाचे फळ. त्यामुळे त्याचे कौतुक सहसा कोणी करीत नाही. परंतु एखाद्या रात्री त्याचा डोळा लागला, तर चार महिन्यांची मेहनत मातीमोल होते आणि मग मात्र त्याची किंमत साऱ्यांना कळते.

निसर्गाकडून आणि पूर्वजांकडून समाजाला जो ठेवा मिळतो, त्याचीही अशीच राखण करावी लागते. डोंगर, अरण्ये, नद्या, लेणी, जुनी देवालये या गोष्टी आपोआप टिकून राहतात, असे वरवर पाहणाऱ्यास वाटते. हजारो वर्षे उभा असलेला डोंगर उद्या कोठे जाणार, असा त्याचा प्रश्न असतो. या प्रश्नाचे उत्तर शोधावयाचे असेल, तर मुंबईच्या उपनगरांतील गोरेगावची पूर्व बाजू एकदा नीट पाहावी.

गोरेगावचे रेल्वेस्थानक सकाळच्या वेळी माणसांनी फुलून गेलेले असते. गाड्यांची ये-जा, फेरीवाल्यांचे पुकारे आणि कामावर वेळेत पोहोचण्याची प्रत्येकाची लगबग यांमुळे येथे क्षणभर थांबावयासही कोणाला सवड नसते. स्थानकाच्या पूर्वेस पश्चिम द्रुतगती महामार्ग ओलांडला की मात्र देखावा पालटू लागतो. रस्ता हळूहळू चढणीला लागतो. दोन्ही बाजूंना दाट झाडी येते. हवेत किंचित गारवा जाणवतो. म्हशींचे गोठे, गवताची कुरणे आणि त्यांच्या आडोशाला वसलेले आदिवासींचे पाडे दिसू लागतात. मुंबईसारख्या शहराच्या पोटात असा प्रदेश असेल, यावर नवख्या माणसाचा विश्वास बसत नाही. हीच आरे वसाहत होय. तिला लागूनच उत्तरेकडे आणि पूर्वेकडे सुमारे १०४ चौरस किलोमीटर पसरलेले संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे.

या वसाहतीचा जन्म दुधाच्या गरजेतून झाला. पूर्वी मुंबई शहरात भर वस्तीत म्हशींचे तबेले असत. त्यांमुळे रोगराई पसरे आणि लोकांना शुद्ध दूधही मिळत नसे. हे तबेले शहराबाहेर हलवावे आणि जनावरांना मोकळ्या हवेत नीट ठेवून निर्मळ दुधाचा पुरवठा करावा, या हेतूने १९४९ साली गोरेगावच्या डोंगराळ भागात आरे वसाहत स्थापन झाली. मुंबईचे दूध आयुक्त दारा खुरोडी हे या योजनेचे प्रमुख शिल्पकार होते. ४ मार्च १९५१ रोजी पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांनी एक रोप लावून वसाहतीचे उद्घाटन केले. पुढे १९६३ साली खुरोडी यांना त्रिभुवनदास पटेल आणि वर्गीस कुरियन यांच्यासमवेत मॅगसेसे पुरस्काराने गौरविण्यात आले. सुमारे १,२८७ हेक्टरांच्या या भूमीत बत्तीस गोठे उभे राहिले आणि सोळा हजारांच्या आसपास जनावरांची सोय झाली.

दुधासाठी राखलेल्या या जमिनीने न ठरवता आणखी एक मोठे काम केले. चहूकडे शहर वाढत असताना आरेमध्ये मात्र इमारतींची दाटी झाली नाही. मोकळी कुरणे राहिली, झाडे वाढली आणि राष्ट्रीय उद्यानातील वन्य प्राण्यांना वावरावयास जागा मिळाली. ओशिवरा नदी याच टेकड्यांत उगम पावून गोरेगावातून वाहत मालाडच्या खाडीस मिळते. मिठी नदी विहार आणि पवई या तलावांच्या सांडव्यांतून निघते आणि तिच्या वरच्या भागातील पाणी याच परिसरात मुरते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला आणि मिठीच्या पुराने हाहाकार उडविला. पाणी मुरावयास आणि पसरावयास जागा उरली नाही म्हणजे शहराची काय अवस्था होते, हे त्या दिवशी मुंबईने अनुभवले. गवताळ माळ आणि पाणथळ जमीन ही ओसाड व निरुपयोगी नसते, हा धडा फार महागात मिळाला.

आरेच्या भूमीत जीवसृष्टीही विपुल आहे. येथे सापडलेली विंचवाची एक जात शास्त्रज्ञांना पूर्वी ठाऊक नव्हती. २०१० साली तिची नोंद करताना तिला आरेचेच नाव देण्यात आले. १८८३ साली स्थापन झालेल्या मुंबईच्या निसर्ग इतिहास संस्थेने गोरेगावातच, चित्रनगरीला लागून, तेहतीस एकरांच्या जंगलात आपले निसर्गशिक्षण केंद्र चालविले आहे. शहरातील मुले तेथे जातात. ज्यांनी फुलपाखराला केवळ पुस्तकात पाहिले, त्यांना तेथे ते कोणत्या झाडाच्या पानावर अंडी घालते हे पाहावयास मिळते. ज्याची ओळख नाही, त्याविषयी ममत्व कोठून येणार? ओळख करून देणे ही राखणीची पहिली पायरी होय.

या भूमीची खरी जुनी ओळख मात्र वारली आणि इतर आदिवासी बांधवांना आहे. केल्टीपाडा, चाफ्याचा पाडा, नवसाचा पाडा, खांबाचा पाडा अशी त्यांच्या वस्त्यांची नावे आहेत. दूध वसाहत होण्याच्या कितीतरी आधीपासून ही माणसे येथे राहत आली आहेत. कोणत्या ऋतूत कोणती रानभाजी उगवते, कोणत्या झाडाची साल कोणत्या दुखण्यावर चालते, हे त्यांना तोंडपाठ असते. वारली समाज वाघोबाला देव मानतो. वाघ आणि बिबट्या यांचे हे दैवत. वाघोबाची पूजा बांधावयाची आणि त्याने माणसांना व गुराढोरांना सांभाळावे, अशी प्रार्थना करावयाची, ही त्यांची रीत. या रीतीत एक व्यवहारी शहाणपण दडलेले आहे. रान हे माणसाइतकेच वाघाचेही घर आहे आणि दोघांनी आपापली मर्यादा ओळखून राहावे, असे ती सांगते.

शहराला हे शहाणपण पुन्हा शिकावे लागले. २००२ ते २००४ या काळात राष्ट्रीय उद्यानाच्या आसपास बिबट्यांनी माणसांवर अनेक हल्ले केले. लोक भयभीत झाले. पिंजरे लावून बिबटे पकडावेत आणि दूर नेऊन सोडावेत, हाच उपाय प्रथम सर्वांना सुचला. परंतु अभ्यासकांच्या पुढे ध्यानात आले की, या उपायाने संकट कमी होण्याऐवजी वाढते. प्रत्येक बिबट्याचा स्वतःचा मुलूख ठरलेला असतो. त्याला उचलून अनोळखी रानात सोडले, तर तो बिथरतो. आणि त्याच्या मोकळ्या झालेल्या जागी दुसरा बिबट्या येतोच. वस्तीजवळ साचलेला कचरा, त्या कचऱ्यावर जगणारी भटकी कुत्री आणि त्या कुत्र्यांच्या मागावर येणारा बिबट्या अशी ही साखळी होती. तेव्हा कचरा वेळेवर उचलणे, रात्री वाटेवर उजेड ठेवणे, मुलांना अंधारात एकटे न सोडणे, हेच खरे उपाय ठरले. २०११ साली वनखात्याने अभ्यासकांना आणि नागरिकांना बरोबर घेऊन ही गोष्ट घरोघरी पोहोचविण्याचे काम हाती घेतले. २०१८ च्या पाहणीत उद्यान आणि त्याचा परिसर मिळून सत्तेचाळीस बिबट्यांची ओळख पटली. एवढ्या दाट वस्तीशेजारी इतके बिबटे राहतात, हे जगातील नवल आहे. संकट समूळ नाहीसे झाले, असे मात्र म्हणता येत नाही. त्यानंतरही आरेमध्ये हल्ले झाले आहेत आणि पाड्यांवरील कुटुंबांना त्याची झळ सोसावी लागली आहे. रानाची राखण करताना रानाच्या कडेला राहणाऱ्या माणसाची राखण विसरून चालत नाही, ती यासाठीच.

याच डोंगररांगेत निसर्गाच्या कुशीत माणसाच्या हाताने घडलेला ठेवाही आहे. राष्ट्रीय उद्यानातील कान्हेरी येथे शंभरांहून अधिक बौद्ध लेणी आहेत. इसवी सनाच्या आरंभीच्या काळापासून सुमारे हजार वर्षे येथे भिक्षूंची वस्ती होती. लेण्यांतील स्तूप आणि बुद्धमूर्ती पाहून सारेच थक्क होतात. परंतु ज्याला व्यवस्था म्हणजे काय हे शिकावयाचे आहे, त्याने तेथील पाण्याची योजना पाहावी. डोंगरमाथ्यावर पडणारे पावसाचे पाणी खडकात खोदलेल्या पन्हळींतून वळवून लेण्यांजवळच्या पोढींत, म्हणजे खोदीव टाक्यांत, साठविले जाई. पाणी लेण्यात शिरू नये आणि वायाही जाऊ नये, हे दोन्ही हेतू त्यातून साधत. पावसाळ्यात आजही त्या पोढी भरलेल्या दिसतात.

कान्हेरीच्या शिलालेखांत याहूनही मोलाची एक गोष्ट नोंदलेली आहे. सोपारा, कल्याण अशा नगरांतील व्यापाऱ्यांनी आणि गृहस्थांनी येथे दाने दिली. लेणे खोदून दिले म्हणजे आपले काम संपले, असे त्यांनी मानले नाही. त्यांतील काहींनी ‘अक्षयनीवी’ ठेवली. अक्षयनीवी म्हणजे कधीही न मोडावयाची ठेव. मूळ धन तसेच ठेवावयाचे आणि त्याच्या उत्पन्नातून नित्याचा खर्च भागवावयाचा, अशी ही योजना. नवव्या शतकात, शिलाहार राजांच्या काळात कोरलेल्या लेखांत तर पूजेसाठी, भिक्षूंच्या वस्त्रांसाठी, ग्रंथांसाठी आणि विहाराच्या दुरुस्तीसाठी द्रव्य नेमून दिल्याचे आढळते. वास्तू उभारणाऱ्याचे नाव कोरण्याची हौस सर्व काळी असते. दुरुस्तीच्या खर्चाची तरतूद करून ती दगडावर कोरणारे मात्र विरळा. ज्या दात्याला आपल्यामागे शंभर वर्षांनी गळणाऱ्या छपराची काळजी वाटली, त्याला राखणीचा अर्थ पुरता उमगला होता.

आता गोरेगावच्या दक्षिणेस लगतच असलेल्या जोगेश्वरीच्या लेण्याकडे वळावे. सहाव्या शतकात खोदलेले हे विस्तीर्ण शिवमंदिर आपल्या देशातील आरंभीच्या मोठ्या हिंदू लेण्यांपैकी एक मानले जाते. पायऱ्या उतरून आत जावे, तो खांबांच्या रांगांनी वेढलेला भव्य मंडप समोर येतो. मध्यभागी गाभारा आहे. जोगेश्वरी देवीची पूजा येथे आजही चालते. बाहेरच्या कोलाहलाचा मागमूसही आत लागत नाही. परंतु भिंतींवरील मूर्तींकडे पाहिले की मन खिन्न होते. बहुतेक मूर्ती झिजून गेल्या आहेत. कोठे चेहरा ओळखू येत नाही, कोठे केवळ देहाची आकृती तेवढी उरली आहे. ज्वालामुखीची राख आणि दगडांचे तुकडे मिळून बनलेला येथील खडक मूळचाच ठिसूळ. काळाने त्याची झीज केली हे खरे; परंतु माणसानेही तीत भर घातली. लेण्याच्या माथ्यावर आणि भोवती घरे उभी राहिली. त्या वस्तीचे सांडपाणी खडकात झिरपू लागले. हा प्रश्न न्यायालयापर्यंत गेला.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावयास हवी. लेण्याच्या माथ्यावर ज्यांनी झोपडी बांधली, त्यांना लेण्याचे वैर नव्हते. पोटासाठी शहरात आलेल्या माणसाला रात्री पाठ टेकावयास जागा हवी होती आणि ती अन्यत्र परवडत नव्हती. तेव्हा त्याला हाकलून देणे म्हणजे वारशाचे रक्षण, अशी समजूत करून घेणे हे अन्यायाचे होईल. त्याला चांगले घर दुसरीकडे मिळावे आणि लेण्याचा माथा मोकळा व्हावा, या दोन्ही गोष्टी एकत्रच साधाव्या लागतात. पहिलीकडे दुर्लक्ष केले तर दुसरी टिकत नाही.

रक्षणासाठी कायदे आहेत. प्राचीन स्मारकांच्या संरक्षणाचा कायदा आपल्या देशात प्रथम १९०४ साली झाला आणि स्वातंत्र्यानंतर १९५८ साली त्याची नव्याने मांडणी करण्यात आली. २०१० साली त्यात झालेल्या दुरुस्तीनुसार संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून शंभर मीटरपर्यंत नवे बांधकाम करण्यास मनाई आहे आणि त्यापुढील दोनशे मीटरपर्यंत त्यावर निर्बंध आहेत. १९९५ साली मुंबईने वारसास्थळांच्या जतनासाठी स्वतंत्र नियम केले. असे नियम करणारे हे देशातील पहिले शहर. कायद्याने हद्द आखली जाते; परंतु त्या हद्दीचा मान राखावयाचा की नाही, हे अखेर लोकांच्या मनावर अवलंबून असते.

इतर देशांनाही हे प्रश्न सुटलेले नाहीत. फ्रान्समधील लास्को येथील गुहेत हजारो वर्षांपूर्वी आदिमानवाने काढलेली चित्रे १९४० साली सापडली. ती पाहावयास इतके लोक लोटले की, त्यांच्या श्वासानेच चित्रे बिघडू लागली. शेवटी १९६३ साली ती गुहा लोकांसाठी बंद करावी लागली आणि पुढे जवळच तिची प्रतिकृती उभारण्यात आली. प्रेमापोटी केलेली गर्दीसुद्धा घातक ठरते, ती अशी. उलट इजिप्तमध्ये आस्वान धरणाच्या पाण्यात अबू सिंबेलची मंदिरे बुडणार असे दिसताच अनेक राष्ट्रे एकत्र आली. १९६४ ते १९६८ या वर्षांत ती मंदिरे कापून त्यांचे तुकडे सुमारे पासष्ट मीटर उंचावर नेऊन पुन्हा जोडण्यात आली. अशाच प्रयत्नांतून १९७२ साली जागतिक वारशाविषयीचा करार झाला. मानवनिर्मित आणि निसर्गनिर्मित असा दोन्ही प्रकारचा ठेवा त्या करारात एकत्र गुंफलेला आहे. मुंबईजवळची घारापुरीची लेणी १९८७ साली त्या यादीत समाविष्ट झाली.

आरेच्या वाट्याला मात्र धरणाहून अवघड पेच आला. मुंबईची भुयारी मेट्रो ही लोकांच्या सोयीची गोष्ट. तिच्यामुळे रस्त्यांवरील गर्दी आणि धूर कमी व्हावा, हा हेतूही चांगला. परंतु तिच्या गाड्या उभ्या करण्यासाठी आरेतील जागा निवडण्यात आली. ४ ऑक्टोबर २०१९ रोजी उच्च न्यायालयाने विरोधकांचे अर्ज फेटाळले आणि त्याच रात्री वृक्षतोड सुरू झाली. ७ ऑक्टोबर रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती थांबविण्याचा आदेश दिला. तोवर दोन हजारांहून अधिक झाडे पडली होती. पुढे २०२० साली ती जागा बदलून कांजूरमार्ग ठरविण्यात आली आणि २०२२ साली पुन्हा आरेच कायम झाली. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी या मार्गाचा पहिला टप्पा आरेपासूनच सुरू झाला. याच वादाच्या काळात आरेतील आठशेहून अधिक एकर जमीन राखीव वन करण्याचा निर्णय झाला आणि २०२१ साली ८१२ एकर जमीन वनखात्याच्या ताब्यात देण्यात आली. एका हाताने गमावले आणि दुसऱ्या हाताने काही मिळविले, असा हा हिशेब आहे.

या वादात कोण बरोबर आणि कोण चूक, याविषयी विचारी माणसांतही मतभेद आहेत. परंतु त्यातून मिळणारा बोध सर्वांना सारखाच उपयोगी आहे. शहराला रस्ते, घरे आणि गाड्या लागतात, तसेच पाणी मुरावयास माळ आणि श्वास घ्यावयास झाडे लागतात. दोन्ही गरजा खऱ्या असतात, तेव्हा निवड कठीण होते. अशा वेळी कुऱ्हाड उचलण्यापूर्वी पुरेसा विचार, मोकळी चर्चा आणि अन्य जागांचा प्रामाणिक शोध व्हावयास हवा. कारण चुकलेला रस्ता पुन्हा बांधता येतो. पन्नास वर्षांचे झाड एका रात्रीत पुन्हा उभे करता येत नाही आणि झिजून गेलेली मूर्ती तर कधीच परत येत नाही. गोरेगाव ते मुलुंड जोडणाऱ्या रस्त्यासाठी याच डोंगराखालून बोगदे काढण्याचे काम हाती घेतलेले आहे. तेव्हा असे प्रसंग पुढेही येत राहणार.

राखणीचा मोठा भार शासनावर आणि न्यायालयांवर असला, तरी तिचा नित्याचा भाग लहानथोर सर्वांच्या हातात आहे. लेण्याच्या भिंतीवर नाव न कोरणे, ओढ्यात कचरा न टाकणे, वणवा दिसताच वर्दी देणे, आपल्या परिसरातील जुन्या झाडांची आणि पाणवठ्यांची नोंद ठेवणे, पाड्यावरील वृद्धांकडून रानाची माहिती ऐकून घेणे, यांपैकी कोणत्याही कामास पैसा लागत नाही आणि कोणाचा हुकूमही लागत नाही. या कामांची बातमी कोठे छापून येणार नाही. परंतु पन्नास वर्षांनंतर गोरेगावच्या शाळेतील मुले पावसाळ्यातील एखाद्या सकाळी टेकडीवर गेली, आणि त्यांना ओशिवराचे पाणी वाहताना व वाघोबाच्या देवस्थानी वाहिलेली ताजी फुले दिसली, तर मधल्या काळात कोणीतरी जागे होते, एवढे त्यांना खचित कळेल.